कुत्र्याने धरलेल्या कोंबडीची शुश्रूषा

कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी पुष्कळदा उभी राहते, चार पावले चालते, एखादा दाणाही टिपते आणि घरची माणसे ‘वाचली बाई’ म्हणून निर्धास्त होतात. मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुराड्याच्या कोपऱ्यात मरून पडलेली सापडते. असे होण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणे असतात. पहिले म्हणजे भीतीने आणि रक्तस्रावाने बसलेला धक्का, ज्यात अंग गार पडत जाते. दुसरे म्हणजे दाताची जखम. कुत्र्याचा दात कातडीला बारीकसे भोक पाडतो, परंतु त्याच वेळी जबडा दाबला जातो आणि झटके दिले जातात, त्यामुळे भोकाखालचे मांस चिरडलेले असते आणि त्या चिरडलेल्या मांसात कुत्र्याच्या तोंडातील जंतू खोलवर सोडलेले असतात. वरून मसुराएवढे दिसणारे भोक आतून दोन बोटे लांब असू शकते. म्हणून मोठी फाटलेली, बघवत नाही अशी जखम पुष्कळदा सुखरूप भरून येते आणि पिसांखाली लपलेले बारीक भोक जीव घेते, ही गोष्ट पुढचे सगळे वाचताना मनात ठेवावी.

कोल्हापूरजवळ कळंबा, पाचगाव, उचगाव, कसबा बावडा या बाजूंना परसात चार-सहा कोंबड्या बाळगणारी घरे अजून पुष्कळ आहेत. एका बाजूला उसाचा फड, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यावर मोकाट कुत्री, अशी त्यांची जागा असते. अशा वेळी शेजारीपाजारी जमतात आणि कोणीतरी हमखास म्हणते, “आता काय जगत न्हाई ही, कापून टाका.” हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो, पण तो घाईचा असतो. कोंबडीची कातडी पातळ असली तरी तिची जखम भरून येण्याची शक्ती विलक्षण असते. पाठीची तळहाताएवढी कातडी सोललेल्या कोंबड्याही नीट निगा राखल्यास पुन्हा परसात हिंडू लागतात. तेव्हा निदान पहिले दोन दिवस तिला संधी द्यावी.

आधी स्वतःचे हात बघा

कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी सोडवताना माणसाला दात किंवा नख लागण्याची शक्यता मोठी असते आणि गडबडीत ते लक्षात येत नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कोंबडीला त्याची लागण व्यवहारात होत नाही आणि तिला ती लस देतही नाहीत. माणसाच्या बाबतीत मात्र हयगय करू नये. हाताला दात लागला असेल, ओरखडा उठला असेल किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याची लाळ लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. दंडाच्या कातडीत द्यायची लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा क्रमाने पुरी करावी लागते. जखम खोल असल्यास सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. कोंबडीच्या पिसांवर लाळ असते, म्हणून तिला हाताळताना रबरी हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

पहिला तास: औषध नव्हे, ऊब आणि अंधार

कोंबडी निपचित पडली असेल, डोळे मिटले असतील, मान टाकली असेल, तरी ती मेली असे लगेच धरू नये. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला पक्षी काही वेळ अगदी थिजून जातो आणि मग हळूहळू भानावर येतो. दुसरीकडे, एखादी कोंबडी हल्ल्यानंतर उसात किंवा लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. अशा वेळी पडलेल्या पिसांच्या मागाने तिला शोधून काढावे, कारण रात्र तशीच गेली तर थंडीनेच ती दगावते.

तिला उचलताना पाय धरून उलटे लटकवू नये. बाजारात कोंबड्या तशाच नेतात म्हणून ते योग्य ठरत नाही. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड खालीवर हलते तेव्हाच तिचा श्वास चालतो, म्हणून उलटे धरणे किंवा छाती आवळणे म्हणजे तिचा श्वास कोंडणे होय. अंगावर जुना सुती टॉवेल टाकावा, दोन्ही पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी खालून आधार देत उचलावे आणि डोके टॉवेलखाली झाकलेले राहू द्यावे. अंधार झाला की कोंबडी शांत होते.

रक्त भळभळा वाहत असेल तर मात्र आधी ते थांबवावे. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून बोटांनी सलग पाच मिनिटे दाबून धरावी आणि मध्येच उचलून बघू नये, कारण दर वेळी उचलले की धरलेली खपली निघते. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळे मिळून साधारण 100 मिली रक्त असते, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने थोडे वाटणारे रक्त तिच्या हिशेबाने थोडे नसते. तुटलेल्या नखातून किंवा नव्या पिसाच्या देठातून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून लावल्याने ते थांबते. खोल जखमेत मात्र कोणतीही पूड भरू नये.

त्यानंतर पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्याला बाजूने भोके पाडावीत, तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर जुनी सुती साडी किंवा धोतराचे कापड अंथरावे. लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस खुराड्यात चांगले, पण जखमेला चिकटते, म्हणून ते इथे नको. कोंबडीच्या अंगाचे तापमान निरोगी असताना सुमारे 41 अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला जो जोराचा ताप वाटेल ती तिची नेहमीची स्थिती होय. धक्क्यात ते उतरू लागते. पाय हातात धरून पाहावेत. गार लागले आणि तुरा फिकट पांढरट पडलेला असला, तर ऊब देण्याची घाई करावी. खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी किंवा बाहेरून चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावावा. दुसरी बाजू तशीच ठेवावी, म्हणजे जास्त उकडले तर ती सरकू शकेल. चोच उघडी ठेवून आणि पंख फाकवून धापा टाकू लागली तर ऊब कमी करावी. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री वीज जाण्याचा भरवसा नसतो, विशेषतः गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूंना, म्हणून बल्ब असला तरी पाण्याची बाटली हाताशी असावी.

खोका घरातल्या शांत खोलीत ठेवावा आणि अर्धा-एक तास तिला कोणीही हात लावू नये. या तासात तोंडात पाणी ओतणे ही फार मोठी चूक असते. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते, आणि मान न सावरणाऱ्या कोंबडीच्या चोचीत ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. ती मान वर धरू लागली की मग चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा आणि तिने गिळल्यावरच पुढचा द्यावा. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवून केलेले पाणी या वेळी उपयोगी पडते. चांगल्या गुळाची आपल्याकडे वाण नाही. हे पाणी पहिल्या दिवसापुरतेच द्यावे आणि शेजारी साध्या पाण्याचे उथळ भांडे ठेवावे.

जखमा शोधणे

कोंबडी सावरली की चांगल्या उजेडात, एकाने धरून आणि दुसऱ्याने बघून, तिचे सगळे अंग तपासावे. पळणाऱ्या कोंबडीला कुत्रा मागून धरतो, म्हणून शेपटीची मुळे, पाठ आणि मांड्या यांवर जखमा अधिक असतात. तथापि तेवढ्यावर थांबू नये. जबड्याला वरचे आणि खालचे असे दोन्ही दात असतात. पाठीवर भोक सापडले की त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पोटावर किंवा पंखाखाली, दुसरे भोक असणार असे समजून ते सापडेपर्यंत शोधावे. पिसे उलट दिशेने फुंकर मारून किंवा ओल्या बोटांनी बाजूला सारून कातडी बघावी. एका ठिकाणी दोन-चार पिसे रक्ताने एकमेकांना चिकटून काडीसारखी झाली असतील, तर त्यांच्या मुळाशी भोक असते.

जखमेभोवतीची पिसे बोथट टोकाच्या कात्रीने कातडीपासून थोडी वर कापावीत, उपटू नयेत. उपटताना पातळ कातडी फाटते आणि वेदना फार होते. पंखाची व शेपटीची मोठी पिसे तर हातानेच काय, चिमट्यानेही ओढू नयेत. जखमा मोजून कागदावर लिहून ठेवाव्यात किंवा मोबाईलवर छायाचित्र काढावे. दुसऱ्या दिवशी सूज वाढली की घटली हे आठवणीवर ठरवता येत नाही, आणि डॉक्टरांनाही ते दाखवता येते.

तपासताना कातडीवर बोट फिरवल्यावर आत हवा असल्यासारखी कुरकुर लागली, तर हवेची पिशवी फुटली आहे असे समजावे. कोंबडीच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात आणि त्यांतली एखादी फुटली की हवा कातडीखाली साठते. थोडी हवा काही दिवसांत आपोआप जिरते. पण कातडी फुगत चालली आणि श्वास जड झाला तर ती काढण्याचे काम डॉक्टरांचे आहे, घरी सुई टोचू नये.

धुणे, आणि पुन्हा धुणे

साऱ्या शुश्रूषेत सर्वांत मोलाचे काम कोणते असे कोणी विचारले, तर मी जखम धुणे हेच सांगेन. औषधाच्या दुकानात सलाईनची बाटली मिळते. ती नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ विरघळवावे. 20 मिलीची सिरिंज सुई न लावता भरावी, तिचे टोक भोकाच्या तोंडाशी ठेवावे, आत खुपसू नये, आणि मध्यम जोराने पाणी सोडावे. सुरुवातीला बाहेर येणाऱ्या पाण्यात माती, पिसांचे तुकडे, कधी कुत्र्याचे केसही दिसतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहावे; एका भोकाला पाच-सहा सिरिंजा लागल्या तरी कंटाळू नये. छातीवर किंवा पोटावर भोक असून त्यातून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, किंवा पंखाचे खांद्याजवळचे हाड मोडून बाहेर दिसत असेल, तर तिथे मात्र पाणी सोडू नये. ते हाड पोकळ असते आणि हवेच्या पिशवीला जोडलेले असते, त्यामुळे आत सोडलेले पाणी तिला बुडवू शकते. अशी जागा ओल्या स्वच्छ कापडाने झाकून तिला थेट दवाखान्यात न्यावे.

धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपण ज्याला बीटाडीन म्हणतो ते, दहापट पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचे करावे आणि त्याने जखम पुसून घ्यावी. ते पातळ केल्याशिवाय लावू नये. हायड्रोजन पेरॉक्साईड, स्पिरिट, डेटॉल यांनी जंतूंबरोबर भरून येणारे मांसही मरते. हळद स्वयंपाकघरात कितीही गुणाची असली तरी तिची पूड भोकात कोंबल्याने भोक वरून बुजते आणि आतली घाण आत राहते. चहापूड, राख, चुना यांचेही तेच. रॉकेल आणि गॅमेक्सिन पावडर ही तर सरळ विषे आहेत.

मलमाच्या बाबतीत घरातली कोणतीही ट्यूब उचलण्याआधी तिच्यावरची अक्षरे वाचावीत. खरूज-नायट्यासाठी मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते आणि पक्ष्यांची रोगाशी लढण्याची ताकद ते फार लवकर घटवते. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी ‘केन’ येते, उदाहरणार्थ लिग्नोकेन किंवा बेंझोकेन, ते बधिर करणारे असते आणि लहान पक्ष्याला त्याची मात्रा सहज जास्त होते. फ्रॅमायसेटिन किंवा सिल्व्हर सल्फाडायझिन असलेले मलम पातळ थराने लावणे चालते, पण तेही उघड्या, उथळ जखमेवरच. जाड थर दिला तर आजूबाजूची पिसे तेलकट होतात आणि कोंबडीला ऊब धरता येत नाही. खोल भोक तर उघडेच ठेवावे. ते आतून बाहेर भरत आले पाहिजे. चावलेली जखम शिवून टाका असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. ते ती उघडी ठेवत असतील तर त्यामागे हेच कारण असते.

जनावरांचा दवाखाना

दाताची एकही खोल जखम असेल तर शक्यतो त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांच्या आत, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. कुत्र्याच्या तोंडात पाश्चुरेलासारखे, पक्ष्याच्या रक्तात झपाट्याने पसरणारे जंतू असतात आणि त्यासाठी प्रतिजैविक लागते. कोणते, किती आणि किती दिवस, हे वजन बघून डॉक्टरच ठरवतील. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क क्रमांक आहे. फोन करताना किंवा दवाखान्यात गेल्यावर ‘ही पाळलेली कोंबडी आहे आणि तिच्यावर उपचार करायचे आहेत’ असे आरंभीच स्पष्ट सांगावे, कारण एका कोंबडीसाठी कोणी इतके करेल अशी समोरच्याची पुष्कळदा कल्पना नसते. नेताना ती खोक्यातच असावी आणि खोका मागे बसलेल्याच्या मांडीवर असावा. दुचाकीच्या हँडलला पिशवी अडकवून नेणे तिला सोसत नाही.

धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी हट्ट करू नये. पक्ष्यांना धनुर्वात जवळपास होत नाही. घरातली वेदनाशामक गोळी फोडून देऊ नये. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 साली बंदी आली ती गिधाडे त्याने मूत्रपिंड निकामी होऊन मेली म्हणून, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते औषध घातक ठरते. वेदना तिला होतेच, ती दाखवत नाही एवढेच. म्हणून पक्ष्यांना चालणारे वेदनाशामक डॉक्टरांकडून आवर्जून मागावे. औषध सुरू असताना आणि संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नयेत.

आतडे बाहेर आले असेल, किंवा कण्याला मार लागून पायांत काहीच हालचाल उरली नसेल, तर डॉक्टरांशी तिच्या सुटकेबद्दल, म्हणजे तिला शांत मरण देण्याबद्दल, मोकळेपणाने बोलावे. धक्क्याने पाय लुळे पडतात आणि एक-दोन दिवसांत परत चालू लागतात असेही घडते, म्हणून पायांवरून निर्णय पहिल्या दिवशी घेऊ नये.

पंख लोंबत असेल तर तो नैसर्गिक घडीत मिटवून अंगाशी चिकटवलेल्या सैल पट्टीने बांधतात. पट्टीखाली बोट सहज गेले पाहिजे. पक्ष्याचे हाड दोन-तीन आठवड्यांत धरते. पायाचे हाड घरी बांधण्याच्या भानगडीत पडू नये.

पुढचे दिवस

पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ जखम धुवावी, नंतर दिवसातून एकदा. या काळात दोन गोष्टी बघून माणसे घाबरतात किंवा फसतात. पहिली म्हणजे हिरवा रंग. मार लागलेली जागा दोन-तीन दिवसांत गर्द हिरवी होते आणि कुजली असे वाटते. वास्तविक पक्ष्याच्या अंगात साकळलेल्या रक्ताचे हिरवे रंगद्रव्य होते आणि आपल्यासारखे ते पुढे पिवळे होत नाही. हिरवा रंग असून वास नसेल आणि कातडी मऊ असेल तर तो केवळ मुका मार आहे. कातडी काळी, कोरडी, कडक झाली आणि दुर्गंधी येऊ लागली तर मात्र ते मेलेले मांस असते आणि ते डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागते. दुसरी गोष्ट पू. कोंबडीचा पू पातळ होऊन वाहत नाही. तो कातडीखाली पिवळसर, घट्ट, कोरड्या गोळ्याच्या रूपात साठतो. ‘पू नाही, म्हणजे जखम चांगली आहे’ हा समज त्यामुळे खोटा ठरतो. भरत आलेल्या जागेखाली टणक गाठ लागली तर ती दाबून फोडण्याचा प्रयत्न करू नये, ती कापूनच काढावी लागते.

माशी ही आपल्या हवेत तिसरी आणि फार मोठी भीती आहे. जून ते ऑक्टोबर दमट हवेत जखमेच्या वासाने हिरवी-निळी माशी येते, पांढऱ्या तांदळाच्या चुऱ्याएवढ्या अंड्यांचा पुंजका घालते आणि एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघून मांसात शिरतात. कोंबडी बरी होईपर्यंत घरातच, मच्छरदाणीच्या जाळीखाली ठेवावी. शिट लागलेले कापड लगेच बदलावे आणि गुदद्वाराजवळची पिसे स्वच्छ ठेवावीत, कारण शेपटीखालची जखम असली की माशी आधी तिथेच बसते. किडे पडलेच तर कोमट मीठपाण्याने धुवून चिमट्याने एकेक काढावेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आत शिरलेले सगळे घरी निघत नाहीत.

खाण्यासाठी शिजवलेल्या तांदळाच्या कण्या, भिजवलेली ज्वारी आणि कुस्करलेले उकडलेले अंडे द्यावे. अंडे देण्याने कोणाला चमत्कारिक वाटेल, पण नवे मांस आणि नवी पिसे यांसाठी लागणारे प्रथिन त्यात पुरेपूर असते आणि आजारी कोंबडीही ते आवडीने खाते. रात्री झोपताना तिच्या गळ्याखालची पिशवी हलकेच चाचपावी: संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असेल तर पोट चालू आहे. शिट गर्द हिरवी व पातळ असेल तर ती पुरेसे खात नाही असे समजावे, आणि रक्त दिसले तर दवाखाना गाठावा. अंडी काही आठवडे बंद होतील. ते बरेच आहे. दबलेल्या पोटात तयार होत असलेले अंडे आत फुटले तर पोट सुजते, कोंबडी ताठ उभी राहते आणि खाणे सोडते. हे लक्षण आठवडाभराने दिसले तरी त्याचा संबंध कुत्र्याच्या हल्ल्याशी जोडावा आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

पुन्हा कळपात

लाल जखम दिसली की घरच्याच कोंबड्या तिला टोचतात, आणि ज्या कोंबडीची पूर्वी सर्वांवर वट होती तिलाही सोडत नाहीत. म्हणून जखम पुरती कोरडी होऊन कातडी धरेपर्यंत तिला वेगळे ठेवावे, मात्र शेवटचा आठवडाभर दिवसा ती डालग्याखाली, इतरांना दिसेल आणि पोचता येणार नाही अशी, परसात ठेवावी. नंतर संध्याकाळी, सगळ्या खुराड्यात शिरण्याच्या वेळी, तिला आत सोडावे आणि पहाटे लवकर उठून बघावे. मुळापासून उपटली गेलेली पिसे काही आठवड्यांत पुन्हा फुटतात. कात्रीने कापलेली किंवा मोडलेली पिसे पुढची पिसे झडेपर्यंत तशीच राहतात. कोवळ्या पिसांच्या देठात रक्त असते, तेव्हा या काळात तिला उगाच धरू नये.

एकदा शिकार साधलेला कुत्रा त्याच जागी परत येतो, बहुतेक त्याच वेळेला, म्हणून कोंबडी घरात बरी होत असतानाच खुराड्याचे काम उरकावे. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्रा ती दाताने फाडतो. खालच्या दोन-तीन फुटांना वेल्डमेशची जाड जाळी लावावी आणि तीच जाळी खुराड्याच्या कडेने जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर पसरून तिच्यावर दगड-माती टाकावी, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. कडी नाकाने ढकलून उघडणारी नसावी. कुत्रा शेजाऱ्यांचा असेल तर भांडण काढण्याआधी छायाचित्रे दाखवून, दिवसाचे ठरावीक तास त्याला बांधून ठेवण्याचे शांतपणे ठरवून घ्यावे, आणि कोंबड्या त्याच तासांत बाहेर सोडाव्यात.